बरफ नसलेलं गाव

मंगळवारी बाजारात आईच्या पाटापाशी
पहाटे चारला समुद्र उतरतो,
पार्सलच्या डब्यातून, थर्माकोलच्या पेट्यांतून.
झाकणावर ओली शाई: वेरावळ, विशाखापट्टण.
आई चिकटपट्टी फाडते
आणि दोन्ही हात आधी बरफात घालते,
मासा नंतर लागतो.

चाळीस वर्षं.
मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं
तेव्हाही तिच्या बोटांची टोकं पांढरी.

यंदा मत्स्य सोसायटीनं पाच जणांना व्हिएतनामला धाडलं,
पिंजऱ्यातली मासेशेती बघायला. मी गेलो.
वही भरून आणली: खाद्य, जाळीचा आस, पिल्लांचा दर.
ते सोसायटीला वाचून दाखवलं.
जे वहीत नव्हतं ते आईसाठी ठेवलं,
रात्री ती तव्यावर फडकं तापवून
बोटं शेकत बसते तेव्हाकरता.

आई, एक गाव होतं नदीकाठी.
नाव तुला सांगता येणार नाही,
त्याला सूर आहेत, माझा दरवेळी चुकायचा.
दुपारी तिथं एका होडीचं इंजिन ऐकू येई,
ते बंद झालं की नुसतं पाणी.
नदी गढूळ, पुरातल्या कन्हानसारखी, पण बारा महिने,
आणि समुद्र दिवसातून दोनदा तिच्यात शिरायचा,
घरचाच असल्यासारखा, न विचारता.

पायरीवर एक म्हातारी. तिला सगळे 'सातवी' म्हणत.
खरी ती सहावी.
तिकडं थोरल्या लेकराला 'दुसरं' म्हणतात,
पहिलं शोधत येणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून.
आई हसली.
तिच्या आधीची तीन गेली, म्हणून हिला
उकिरड्यावर ठेवून उचललं होतं,
रेशन कार्डावर आजही कचराबाई.
"म्हंजे त्याईलेबी मालूम आहे," म्हणाली.

सातवीनं नदीत सोडलेली टोपली ओढली.
खेकडा काढला. झिंगे काढले,
काचेसारखे, आतली काळी रेघ हलताना दिसावी असे.
वाफेवर ठेवले. मीठ, मिरी, लिंबू.
मी वाट बघत बसलो
खसखशीची, सुक्या खोबऱ्याची, दगडफुलाची, तर्रीची.
काहीच आलं नाही.
घास गोड लागला, आई.
मला वाटलं आपण इतकी वर्षं काय झाकत होतो?

"तीन दिवसाचा समुद्र असते आपला," आई म्हणाली,
"त्याले तिखटच लागते."

मग तिचे प्रश्न, सगळे धंद्याचे.
ताजवा का इलेक्ट्रिक काटा?
खवले कोन काढते, त्याचे पैसे येगळे का?
डोकं कोन नेते?
कल्ला उचलून दाखवते का गिऱ्हाईकाले?
नाही दाखवत, म्हटलं. मासा हलत असतो ना.
आई थांबली.
"अन् बरफ?"

बरफ चहात होता. पाहुण्यांच्या ग्लासात.

"चहात?"
फडकं तव्यावरच राहिलं, करपल्याचा वास आला.
मी उठून गॅस बंद केला तरी ती बोलली नाही.
मग म्हणाली,
"तिचे बोटं कसे होते?"

मी बघितले नव्हते.
मोबाईलमध्ये एक फोटो होता खेकड्याचा,
कडेला सातवीचा अर्धा अंगठा.
आईनं तो मोठा करायला बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
तिचं बोट मोबाईलला कळतच नाही.
मी मोठा करून दिला.
नख काळं, बाजूला जुना व्रण, पण कातडी तांबूस.
आईनं आपला अंगठा शेजारी धरला,
बराच वेळ, दोन भाव पडताळावेत तसा.
"खेकड्यानं धरलं होतं इले," एवढंच बोलली.

सकाळी पेट्या आल्या.
टपरीवरून चहा आला तेव्हा
तिनं समोरच्या रसवंतीवाल्याकडून,
पेटीतला नाही, धुतलेल्या लादीचा,
एक खडा मागून आणला आणि ग्लासात सोडला.
पाटावर बसून सावकाश प्याली.
"पानचट," म्हणाली,
आणि पेटी फोडली.