एक्केचाळीस

विल्यांडीच्या वाचनालयात हेल्योबाई
कापतात प्रत्येक अर्जाचा वरचा पट्टा:
नाव, शाळा, जन्मतारीख, आईचा फोन.
पट्टे कुलुपात; निकालानंतर शेगडीत.
परीक्षकांना मिळते गोष्ट, आणि एक आकडा.

एक्केचाळीसच्या गोष्टीत कोल्हा विचारतो,
कुठे राहतेस गं?
तळ्याकाठी, हिरवं दार,
किल्ली डाव्या गमबुटात.
बाबा सोमवारपासून फिनलंडला, कामावर.

कात्री थांबते.
हे कुठून कापायचं?

बाहेर साडेतीनलाच अंधार.
हेल्योबाई समासात लिहितात, पेन्सिलीने,
अगदी हलक्या हाताने:
कोल्ह्याला खोटं सांगितलं तरी चालतं.

गुरुवारी गोष्ट परत आली.
तळं गेलंय. दार जांभळं.
बाबा घरीच, शिवाय एक अस्वल.
किल्ली मात्र अजून बुटातच.

हेल्योबाई उठतात,
पट्ट्यांचं कुलूप काढतात,
एका फोनपुरतं.