चार टक्के

परळच्या सातव्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात,
मी तुला नावाने ओळखत नाही.
तू म्हणजे जांभळ्या बुचाची एक नळी,
बारकोड किंचित वाकडा,
आणि पेनाने कुणीतरी लिहिलेलं: दिवस अधिक अकरा.

त्या सकाळी मशीनने तुझ्या पांढऱ्या पेशी मोजायला नकार दिला.
मग मी काचपट्टी रंगवली, डोळा लावून बसले.
ओसाड.
तांबड्या पेशींची ओहोटी, त्याही उसन्या,
कुणा रक्तदात्यांच्या.
पाऊण तासाने, पट्टीच्या अगदी कडेला
एक न्यूट्रोफिल:
परगावच्या स्टँडवर उतरून
पाट्या वाचत उभं राहिलेलं माणूस जसं.
मी काउंटरची कळ दाबली. टक्.
भिवसने सर शेजारून म्हणाले, "काय गं, कोण भेटलं?"

तिसाव्या दिवसापासून प्रश्न बदलतो.
किती, हे नाही. कुणाच्या?
उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात
केमोच्या आधीचा तू आहेस,
करंगळीच्या पेराएवढा.
शेजारच्या खाचेत तुझी बहीण.
दोघांना आलेखावर चढवते.
एकाच आईबापाची लेकरं, बरीचशी शिखरं एकावर एक बसणारी;
जिथे तुमचं जुळत नाही
तेवढ्याच जागा माझ्या कामाच्या.

तुझी शिखरं बुटकी होत गेली. साठाव्या दिवशी सपाट.
मी लिहिलं: दात्याच्या पेशी शंभर टक्के.
आमच्या खात्यात माणूस पुसला गेला
की चहा मागवतात.

शंभराव्या दिवसाची नळी दुपारी पावणेतीनला आली.
दुसऱ्या दिवशी आलेखाच्या सपाट रेषेवर
एक कोंब.
वाटलं, मशीनचं अडखळणं असेल,
खऱ्या शिखराआधी ते एक खोटी पायरी दाखवतंच.
पुन्हा लावलं. नवी प्लेट, भिवसने सरांच्या हातून.
कोंब तिथेच. चार टक्के.
फ्रीजरमधल्या नळीशी तंतोतंत जुळणारा
तू परत आला होतास,
आणि कुणालाच तू नको होतास.

वॉर्डात फोन केला.
पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या कमी करतो,
बहिणीला बोलावतो.

ती मंगळवारी आली, माहुलहून.
रक्तपेढीच्या बाकावर, कोपराच्या खळीत कापूस दाबून.
मी फॉर्म न्यायला गेले होते.
माझा पांढरा कोट पाहून विचारलंच तिने:
"ओ मॅडम, आधी त्याचं ओ होतं, आता माझं बी झालं,
मग तो माझ्यासारखा तापट होनार का?"
मी म्हटलं, तसं काही नसतं.
"नाय, झाला तरी चालंल.
लहानपणी माझ्या ताटातला कोळीम उचलायचा नि हसायचा.
एक थप्पड नाय मारली कधी."
मग तिने तुझं नाव घेतलं.
मी ऐकलं नाही असं केलं.
नळीवर फक्त आकडा असतो
म्हणून तर पिपेट धरताना हात स्थिर राहतो माझा.

आज एकशे अठ्ठाविसावा.
बारकोड सरळ लागलाय या खेपेला.
सेंट्रिफ्यूज फिरतंय, अजून नऊ मिनिटं.
भिवसने सर विचारतात, चहा सांगू का.
मी म्हणते, थांबा जरा.