माशांच्या नावे एक अथर

रुस्ताकच्या आत, डांबर संपतं तिथून पुढे
डोंगर भट्टीतून आत्ताच काढल्यासारखे.
माझं काम एवढंच :
विहिरीत टेप सोडायची,
ओलं टोक वर आलं की आकडा लिहायचा.
मार्चात अकरा मीटर. जूनमध्ये चौदा.
शेरा लिहायचा रकाना मी कोराच सोडतो.

विहिरीखाली वादीचा डोह, डोहात मासे.
बोटभर, वाळूच्याच रंगाचे,
पाय बुडवला की टाचेला लुचणारे.
मला गुदगुल्या होतात. हमूद म्हणतो, हसू नकोस,
ते जेवतायत.

पूर्वी वर्षातून दोनदा वादी वाहायची, तो सांगतो.
आता तीन-तीन वर्षं नाही.
आणि मग एका रात्रीत वादळ येतं,
गाड्या, बकऱ्या, मासे
सगळं एकाच हिशेबात समुद्राला देऊन टाकतं.
उरलेले मी मोजले : एकशे सव्वीस.
एक बहुधा दोनदा मोजला गेला,
शेपटी तुटकी होती, सारखा समोर यायचा.

मी साक्रीकडचा. फड बघितलेला, पाटकरी बघितलेला,
त्यामुळे फलज मला लगेच कळला :
डोंगराच्या पोटातून आणलेला पाट.
फक्त इथे पाणी वेळेनं वाटतात.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
दिवसा काठीची सावली, रात्री तारे.
ठरलेला तारा कड्यावर टेकला
की बांधाची माती ओढायची,
पाणी शेजाऱ्याच्या खजुरांकडे.
तारे अजून वेळेवर येतात.

झुवैनाच्या वाट्याला तीन अथर, बापाकडून आलेले.
तिची झाडं मागच्या उन्हाळ्यात गेली.
मस्कतचा मुलगा फोनवर म्हणाला, विकून टाक.
सिद्राच्या झाडाखाली बैठक बसली, कॉफी फिरली,
तेव्हा ती म्हणाली :
दोन विका. एक डोहात सोडा.

वकीलानं वहीतून मान वर केली.
डोहात कुणाचं झाड आहे?
झाड नाही. मासे आहेत.
कुणीतरी हसलं. कुणीतरी खोकून हसू झाकलं.
वहीला मालकाचं नाव लागतं, झुवैना.
लिही मग त्यांचं. बाप तर माझाही वहीत नव्हता,
तो पाण्यावर मजूर होता, पाणी त्याला नंतर मिळालं.
आणि आई सांगायची, आधी मासा बघ,
मग ओंजळ भर.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
टेपवाला हिंदी, त्याला माहीत असणार :
आठ दिवसांतून अर्धा तास, पुरेल?
मी मनात गुणाकार केला, ऊन वजा केलं,
ऊनच जास्त निघालं.
सावली केली तर, म्हणालो. कदाचित.

सावलीला झुवैनाचीच मेलेली झाडं.
झावळ्या वाहून हमूदचे खांदे सोलले,
माझ्या तळव्यात अजून एक काटा आहे.

पहिली पाळी मंगळवारी, रात्री पावणेतीनला.
माशांना हात नाहीत, म्हणून बांधावर मी.
मोबाइल म्हणाला, झाली वेळ.
हमूद म्हणाला, तारा अजून कड्यावर नाही.
चार मिनिटांचा फरक.
आम्ही ताऱ्याचं ऐकलं.

मग माती ओढली.
पाणी आलं ते पुढे वाळका पाला ढकलत,
दोन मुंग्या त्याच्यावर,
कोरड्या दगडांतून थबकत, चाचपडत.
कुठल्याशा कपारीत एक बेडूक
इतका वेळ गप्प होता हे तो बोलल्यावर कळलं.
टॉर्चच्या उजेडात मासे दिसले :
सगळी तोंडं एकाच बाजूला,
येणाऱ्या पाण्याकडे.

सकाळी टेप सोडली. चौदा मीटर दहा.
मासे मोजले. एकशे पंचवीस.
तुटक्या शेपटीचा दिसला नाही.
काठावर बगळा बसलेला, एका पायावर, तृप्त.
शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं :
वाटेकरी आणखी एक.