बोटभर संध्याकाळ

शिरोड्याच्या या कोठारात पूर्वी मीठ भरायचे.
आता चुना दिलाय, वर तारा, तारांना हुक,
पण चुन्याखालून मीठ अजून पाझरतं.
सकाळी भिंतीवर बोट फिरवलं की जिभेला कळतं.
इथंच टांगायची आहेत शालनबाई रेडकरांची मिठागरं,
बत्तीस. सगळी जलरंगात.

म्हणून प्रत्येक फ्रेमच्या पाठीला
चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले,
फेणीच्या बरणीचं बूच, आडवं कापून.
भिंत आणि चित्र यांच्यात वारा गेला पाहिजे.
काच आणि कागद यांच्यातही.
पाय म्हणायचा, काचेक कागद टेकूक नये, पास्कू.
टेकलो की घाम, घामाची बुरशी,
आणि बुरशी पावणी न्हय, ती परत जावची नाय.

बाई तर चित्रातही मीठ घालायच्या.
ओल्या निळ्यावर चिमूटभर जाडं,
सुकलं की झटकायचं, पाण्यावर फुलं उमटलेली.
सगळं झटकलं जात नसे.
भिंग धरलं की दिसतात कण, कागदाच्या दाण्यात अडकलेले,
हवेतलं पाणी ओढत बसलेले.
बाहेरच्या मिठापासून मी आतलं मीठ राखतोय.
कुणाला सांगायची सोय नाही.

निनाद, बाईंचा मुलगा, पुण्याहून आला
गाडीत चार झगझगीत दिवे घालून.
आईचं काम झळकलं पाहिजे, म्हणाला.
दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.
मी पश्चिमेच्या खिडकीला मांडवाचं कापड ठोकत होतो.
तोंडात खिळे होते, ते एक बरं झालं.

सोळावं चित्र ग्रामपंचायतीतून आलं.
एकवीस वर्षं खिडकीसमोर, पंख्याखाली.
राखाडी आभाळ, राखाडी पाणी, मिठाच्या तीन राशी.
निनादच्या यादीत नाव होतं : दुपार.
खिळे गंजलेले, पाठीचा पुठ्ठा वाळवीनं अर्धा नेलेला.
जुना माउंट सुरीच्या टोकानं उचलला
आणि हात तिथंच थांबला.

माउंटनं झाकलेल्या कडेला, चारी बाजूंनी,
बोटभर रुंद,
कोकमाच्या आगळासारखं लाल,
खाली जाताना केशरी,
आणि पाण्यातही तेच.

मी निनादला हाक मारली.
तो आला, वाकला, चष्मा काढला, पुन्हा घातला.
एवढंच म्हणाला,
मला वाटायचं, शेवटी शेवटी आईला रंग दिसेनासे झाले.

मग म्हणाला, माउंट मोठा कापा, ही कड दिसू दे.
खरं तर मलाही तेच वाटत होतं.
पण दाखवली तर तीही जाणार,
आज नाही, दहा दिवसांत नाही,
पण जाणार, जशी बाकीची गेली,
कुणी बघत असताना, कुणाच्या लक्षात न येता.
नवा माउंट कापला, भोक जुन्याच मापाचं.
चिकटवलं नाही, वरच्या कडेला कागदी बिजागऱ्या.
उद्या कुणाला उघडायचं झालं तर उघडता यावं.
लाल परत काळोखात ठेवलं.

निनादनं चारही दिवे गाडीत ठेवले.
चिठ्ठीवरची 'दुपार' मात्र तशीच राहिली,
दुसरी चिठ्ठी छापायला वेळ नव्हता.

उद्घाटनाला माणसं बरी आली.
सरपंच म्हणाले, मेस्त्री, एवढो काळोख कित्याक?
म्हटलं, डोळे जरा सवकूद्यात.

गर्दी ओसरल्यावर आगरातली भागीरथी आली,
चाळीस वर्षं मीठ ओढलेली.
सोळाव्यासमोर उभी राहिली, पदरानं हात पुसले.
ही दुपार न्हय, म्हणाली.
राशींची सावळी डोंगराकडे गेली हा, बघ.
सांज असा ही.

मी बघितलं. राखाडीवर राखाडी, लांब, तिरपी.
महिनाभर चित्र माझ्या हातात होतं.

ती गेल्यावर दार ओढलं,
पुड्या ओल धरून मऊ झाल्या होत्या, त्या बदलल्या,
आणि पेन्सिलीनं,
शाई उडते म्हणून पेन्सिलीनं,
चिठ्ठी दुरुस्त केली.