आधी किल्ल्या

बसा. ओले कोट खुर्चीवर नकोत, तिकडे खुंटीला.
मी नेवेंका. वर्षभर तुमच्या हजेरीवर सही माझी लागेल,
तेव्हा माझं अक्षर आजच बघून ठेवा,
नंतर कोणी विचारू नका, ही सही की कोंबडीचे पाय.

त्रिएस्तेच्या या चढावर आपले एकसष्ट डबे,
तेवीस जिने,
चालू लिफ्ट तीन. सोमवारी दोन.
नियमांची चोपडी घरी न्या, झोप येत नसेल तेव्हा वाचा.
आधी किल्ल्या.

निळा दोरा : ओंदीनाबाई, चौथा मजला.
बेल दोनदा, मग मनात साठ आकडे.
त्या येतच असतात. हाक मारलीत की घाई करतात,
घाई केली की पडतात,
आणि पडल्या की त्यांच्या लेकीचा फोन मला येतो, तुम्हाला नाही.

पिवळा दोरा : कप्तान बाबिच.
"जेवलो" म्हणतील. रोज म्हणतात. जेवलेले नसतात.
"जेवा" म्हणू नका.
झाकण काढा, चमचा हातात द्या, विचारा : मीठ बरोबर आहे का?
चाळीस वर्षं जहाजावर हुकूम सोडलेला माणूस,
मत विचारलं की वाटी तळापर्यंत तपासतो.

अरेतुरे नाही. कोणालाच.
नव्वदीचं माणूस बाळ होत नसतं,
त्याचा हात फक्त बुटाच्या नाडीपर्यंत पोचत नाही.
पैसे घ्यायचे नाहीत. चघळायची गोळी दिली तर घ्या,
कितीही जुनी असो,
आणि कागद त्यांच्यादेखत सोडा.

मागची ती, नाव काय तुझं? इम्माकोलाता. लेच्चेहून आलीस ना?
विचार.

"आणि दार उघडलंच नाही तर?"

चोपडीत आहे, पान नऊ.
ऑफिसला फोन, मग तिसरा नंबर,
आत शिरायचं नाही, जागा सोडायची नाही.

तो पाण्याचा ग्लास इकडे द्या जरा.

गेल्या जानेवारीत एगॉन होता, तुझ्याच खुर्चीवर बसायचा.
बोरा सुटला होता. तू दक्षिणेची, तुला कळेलच लवकर
आमचा वारा : कोपऱ्यावर माणसं खांबाला मिठी मारतात,
खांब नसेल तर अनोळखी माणसाला.
मिलेवाबाईंचं दार आतून बंद.
अग्निशमनवाले शहरभर उडालेल्या कौलांमागे.
हा पोरगा उंबऱ्याशी बसला, ऐंशी मिनिटं,
डबा कोटाच्या आत धरून.
आतून हूं नाही की चूं नाही. काय बोलावं सुचेना,
म्हणून डब्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली त्यानं,
बुधवार : घेवड्याचं सूप, पोलेंता, शिजवलेलं सफरचंद.
मग गुरुवारचा बेत. शुक्रवारचा.
पुढचा आठवडा त्याला माहीत नव्हता, तो त्यानं रचला,
त्यात आपण जन्मात न केलेलं बदकही होतं.

दार फोडलं तेव्हा बाई स्वयंपाकघरात, फरशीवर. जाग्या.
स्ट्रेचरवरून म्हणाल्या,
रविवारी बदक नको, जड पडतं.

अकरा दिवसांनी गेल्या त्या. इस्पितळात.
हेही सांगते, नाहीतर ही गोष्ट तुम्ही अर्धीच घरी न्याल.

एगॉननं हजेरीत पाच तास लिहिले. रोजचेच.
म्हटलं, ती ऐंशी मिनिटं लिही.
म्हणाला, कशाखाली?
रकाने चार : वाटप, सफाई, बैठक, प्रशिक्षण.
दोघांनी मिळून बराच वेळ पेन्सिल चावली.
मग प्रशिक्षण लिहिलं.
कोणाचं, ते रोमच्या ऑफिसनं विचारलं नाही.

जागा सोडायची नाही, हे त्याला मीच सांगितलं होतं,
असंच, पहिल्या दिवशी, घड्याळाकडे बघत.

आजही बघतेय. पावणेदहा झाले, डबे निवतायत.
रबरी तळाचे बूट कोणाकोणाचे आहेत?
सतरा नंबरच्या जिन्यात तिसरी पायरी हलते.
भिंतीच्या बाजूनं चढा.