पाचापासून

कोच वनेटांचं मोजणं पाचापासून सुरू व्हायचं.
पाच, सहा, सात, आठ
आणि आम्ही उचलायचो.
एक ते चार कुठे जातात, कुणी विचारलं नाही.
श्वास घेण्यात जात असतील.

तेव्हा आम्ही नऊ जणी.
जॉर्जियातल्या गालिच्यांच्या गावात
टायरच्या दुकानामागची खोली,
रबराचा वास केसांतल्या रिबिनींनासुद्धा.
छत इतकं बुटकं
की किन्सली वर गेली की मान वाकडी करून हसायची.
तिच्या डोक्याचा तेलकट ठिपका
छताच्या एका फळीवर महिन्यागणिक मोठा होत गेला.
पुरती उंची फक्त बाहेर, पार्किंगमध्ये, डांबरावर.
तिथे नियम एकच : हात सोडायचे नाहीत.

यारेत्सीचे वडील गिरणीत रात्रपाळीला.
सकाळी टेम्पोतून बाद पट्टे आणायचे :
एक दंतवैद्याकडच्या बाकांखाली घालायचा, राखाडी,
एक कुठल्याशा कसिनोचा, त्यावर लाल फासे.
मी खालची. माझी जागा फाशांवर.
वर बघायचं, फक्त तिच्या टाचेकडे,
बाकी जग तिचं.

पहिल्या स्पर्धेत अकरा संघांत अकरावे आलो.
परतताना चर्चच्या व्हॅनमध्ये कुणी बोलेना.
कोचनी सगळ्यांना बटाट्याच्या सळ्या घेतल्या, वर मीठ मागून घेतलं,
म्हणाल्या, पुढच्या वर्षी बारा संघ येतील.

पुढच्या वर्षी आम्ही एकोणीस.
मग चाळीस. मग टायरवाल्यानं हात जोडले.

कोच जागा बघायला निघाल्या
हेलियमचा फुगा घेऊन,
दोरीला फुटाफुटावर गाठ.
भाडं नंतर, आधी फुगा.
बंद पडलेलं फर्निचरचं दुकान : अकरा गाठी.
धान्याचं कोठार : सतरा, पण मध्ये खांब.
त्याच हिवाळ्यात गिरणीची तिसरी शेड बंद झाली.
यारेत्सीच्या वडिलांनीच कुलूप उघडलं, किल्ली अजून त्यांच्याकडे होती.
फुगा वर गेला, जात राहिला,
शेवटची गाठ कोचच्या बोटांतून निसटली.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
ते जमिनीकडे बघत होते,
जिथे यंत्रांचे बोल्ट कापले होते
तिथे चकचकीत गोल, नाण्यांसारखे.

आता निळी मॅट आहे, स्प्रिंगांवरची,
नऊ लांब गुंडाळ्या, रोज उलगडायच्या.
सहा वयोगट. आरशाची भिंत.
गणवेशावर इतके खडे
की धुवायला वेगळी पिशवी मिळते, तिचेही पैसे.
भिंतीवर किन्सलीचा फोटो, एका पायावर, दुसरा कानाशी.
फोटो तिच्या घोट्यापाशी कापलाय.
घोट्याखाली चार बोटं दिसतात. माझी आहेत.
ओळखायला नखाची खूण आहे, पण कोण बघतंय.

यारेत्सी दुसऱ्या वर्षीच थांबली.
फी वाढली त्या महिन्यात तिनं गुडघा दुखतो असं सांगितलं.
गुडघा बरा होता.
कोचना ठाऊक होतं, मलाही.
दोघी हिशेबाच्या वहीकडे बघत राहिलो.

माझी मनगटं आता थंडीत जारही उघडू देत नाहीत.
मी टेबलावर बसते, पावत्या फाडते.
मे महिन्यात निवड असते :
यंदा दोनशे अकरा मुली, दारापासून रस्त्यापर्यंत रांग,
आया हातात पिना धरून.
छातीवर नंबर चिकटवायचं काम माझं.
पहिल्या मुलीला मी पाच दिला.

कोचनी काचेआडून पाहिलं.
बाहेर आल्या नाहीत.

मुलगी सात-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेले.
आकडा उलटा वाचत म्हणाली,
मी तर पहिली आले. एक कोण आहे?

मी म्हटलं,
पाय खांद्याइतके लांब ठेव.
गुडघे सैल.
आणि वर बघ.