सतरावी ओळ

यंदा मोरागनं तीनच गोष्टी विणल्या:
नातवाचे मोजे, त्यातला एक जरा लांब,
चहाच्या किटलीला टोपडं,
आणि हा राखाडी स्वेटर, घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा.

गोरच्या कृषी प्रदर्शनात, पत्र्याच्या शेडमध्ये,
मुरंब्याच्या बरण्या, भले थोरले भोपळे ओलांडून
परीक्षकबाई येतात. स्वेटर उचलतात
आणि आधी उलटा करतात.
सुलट बाजू काय, सगळेच नीट ठेवतात.

बोट डाव्या बाहीवर थांबतं.
चष्मा कपाळावरून खाली.
"सतरावी ओळ. सुलट हवा तिथं उलट टाका."

जुलै. बाहेर गवतावर बर्फाची साय.
इन्व्हरकार्गिलहून डॉक्टरांचा फोन:
छातीला बावीस टाके घातलेत, आता झोपलाय.
सुया तिच्या हातातच होत्या.
बावीस, बावीस, म्हणत
ती विणत राहिली उजाडेपर्यंत.
नंतर दिसला होता तो टाका.
चार ओळी उसवायच्या, एवढंच काम.
राहू दिला.

तिसरा नंबर, पिवळी फीत.
परतताना डंकन स्वेटर अंगात चढवतो, सावकाश,
डावा हात अजून पुरता वर जात नाही.
"काय चुकलं म्हणे?"
"एक टाका."
तो सिग्नलला बाही उलटून बघतो.
सापडत नाही.
मागचा ट्रक हॉर्न देतो.